जालन्याचं बियाणं

मिरगाच्या आधीचा आठवडा कोल्हापुरात बियाण्याच्या दुकानांचा असतो. शिरोळ-हातकणंगल्याकडचा शेतकरी काउंटरवरची पिशवी उचलतो, उलटीपालटी करतो, लॉट नंबर बघतो, उगवणीचा टक्का बघतो, मुदत बघतो आणि शेवटी विचारतो, "उगवलं नाही तर काय?" दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं असतं. "पावतीवर लॉट नंबर लिवून देतो काका. पिशवी टाकू नका, मूठभर बी शिल्लक ठेवा." म्हणजे भांडायची वेळ आली तर पुरावा हाताशी राहावा. गूळ फोडून बघता येतो, बैल चालवून बघता येतो. बियाणं मात्र विकत घेताना तपासता येत नाही. ते चांगलं होतं की वाईट हे कळतं तेव्हा पैसा, पाऊस आणि हंगाम तिन्ही खर्ची पडलेले असतात.

असल्या मालाचा धंदा उभा करणं म्हणजे आधी भरवसा उभा करणं. महाराष्ट्रात हे काम मोठ्या प्रमाणावर ज्यांनी पहिल्यांदा केलं, ते बद्रीनारायण बारवाले ना कृषिशास्त्रज्ञ होते ना सरकारी अधिकारी. ते जालन्याचे होते, मारवाडी घरातले होते आणि धंदा हीच त्यांची विद्या होती.

कोल्हापूरच्या माणसाला याचं जरा नवल वाटतं. आमच्याकडे शेतीतली सुधारणा म्हटलं की राजा आठवतो, नाहीतर सहकार. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं, पन्हाळ्याच्या अंगाला चहाची लागवड करून पाहिली तीही त्यांनीच. पुढे खत-औषध-बियाण्यासाठी तात्यासाहेब मोहित्यांचा शेतकरी सहकारी संघ आला आणि त्याच्या बैल छापावर कोल्हापूरकरांनी पिढ्यान्‌पिढ्या डोळे झाकून विश्वास टाकला. मराठवाड्याच्या वाट्याला असा राजा आला नाही. तो मुलूख निजामाचा. कापूस, धान्य आणि पेठ यांच्यावर चालणारा. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे जालन्यावरून गेली आणि या पेठेला बळ आलं. 'जालना, सोन्याचा पालना' ही म्हण त्या व्यापाराचीच. मारवाडातून आलेली अनेक घराणी इथे रुजली, घरात मारवाडी आणि पेठेत मराठी बोलू लागली. बारवाले त्यांच्यापैकीच एक.

बद्रीनारायण जन्मले हिंगोलीत, वाढले आणि कामाला लागले जालन्यात. विद्यार्थिदशेतच ते हैदराबाद मुक्तिसंग्रामात ओढले गेले आणि त्यापायी तुरुंगातही जाऊन आले. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाचं राज्य संपलं तेव्हा ते ऐन उमेदीत होते. शास्त्राची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. पुढे त्यांच्या पदरी डॉक्टरेटवाले शास्त्रज्ञ नोकरीला राहिले आणि त्यांची स्वतःची मुलगी उषा अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट घेऊन आली. व्यापारी घराच्या एका पिढीत एवढं अंतर तुटतं, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा मोठी वाटते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. बियाणं हा विकायचा माल आहे ही कल्पनाच शेतकऱ्याला तोवर फारशी पटलेली नव्हती. पुण्यात पेस्तनजी पोचांची पेढी १८८४पासून बी-बियाणं विकत होती, पण मोठी गिऱ्हाइकी बंगल्यांच्या बागांची आणि भाजीपाल्याच्या हौशी मंडळींची. गणेशखिंडीची बाग त्याही आधीची, १८७३ची, ती सरकारी. गावातल्या शेतकऱ्याचं बियाणं घरात असायचं. खळ्यावर निवडलेली ठसठशीत कणसं आढ्याला टांगलेली, राख लावून मडक्यात भरलेला मूग, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेली तूर. या सगळ्याची राखण घरातल्या बाईकडे. बियाण्याला दुसऱ्याच्या दारात जावं लागलं तर तो कमीपणा मानला जाई.

या मुलखात बारवाल्यांना पहिला पाय रोवायला मिळाला तो भेंडीमुळे.

भेंडीला तेव्हा हळद्यानं पछाडलं होतं. शास्त्रज्ञ त्याला यलो व्हेन मोझॅक म्हणतात. पांढरी माशी हा विषाणू पसरवते, पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग पान, मग फळ, आणि पिवळट भेंडी बाजारात कुणी हातात धरत नाही. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेत हरभजनसिंग यांनी 'पुसा सावनी' ही भेंडी तयार केली. ती त्या काळात या रोगाला दाद देत नव्हती. वाण सरकारी होता, पण संस्थेतलं मूठभर बी हजारो शेतकऱ्यांपर्यंत पोचवणार कोण? साठच्या आसपास बारवाल्यांनी ते बी आणलं, वाढवलं आणि विकलं. शोध पुसाचा होता. त्या शोधाला गिऱ्हाईक मिळवून दिलं जालन्याच्या पेठेनं.

भेंडीचं बियाणं करणं म्हणजे भेंडी न तोडणं. ऐकायला सोपं वाटतं, पण भाजीची शेती करणाऱ्याला विचारा. कोवळी भेंडी दर दोन दिवसांनी तोडून नगद पैसा हातात येत असताना ती झाडावर जून होऊ द्यायची, वाळून तडकायच्या बेताला आली की काढायची, आणि पैसा सगळा शेवटी. शेजारच्या रानात दुसऱ्या जातीची भेंडी असेल तर मधमाश्या भेसळ करणार, म्हणून प्लॉट लांब हवा. वेगळं दिसणारं प्रत्येक झाड उपटून टाकायचं. याला आता सगळे 'रोगिंग' म्हणतात. स्वतःच्या हातानं वाढवलेलं धडधाकट झाड उपटायला शेतकऱ्याचा हात धजावत नाही. बारवाल्यांनी आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांना हे पटवलं, त्यांना पायाभूत बी दिलं, माणसं पाठवून प्लॉट तपासले आणि ठरल्या भावानं माल उचलला. आज ज्याला करार शेती म्हणून भाषणं दिली जातात, ती ही.

त्याच सुमारास देशात संकरित वाणांचं वारं सुरू झालं. १९६१मध्ये मक्याचे पहिले संकरित वाण आले, गंगा, रणजित, डेक्कन. रॉकफेलर फाउंडेशनचे तज्ज्ञ भारतात होते आणि त्यांचं मार्गदर्शन बारवाल्यांना मिळालं. १९६४मध्ये त्यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी स्थापन केली, म्हणजेच महिको. त्याच साली ज्वारीचा सीएसएच-१ हा संकर आला, पुढच्या साली लुधियानात शास्त्रज्ञ अठवालांनी बाजरीचा एचबी-१ दिला.

ज्वारी-बाजरीच्या संकराची मेख थोडक्यात अशी. मादी वाणात जन्मतःच परागकण वांझ असतात, त्यामुळे तिला स्वतःचं बी धरता येत नाही. शेतात चार ओळी मादीच्या आणि दोन ओळी नराच्या अशा पेरायच्या, वाऱ्यानं नराचा पराग मादीवर पडतो, आणि मादीच्या कणसातला दाणा तेवढाच बियाणं म्हणून काढायचा. प्लॉटच्या भोवती २०० मीटरपर्यंत त्या पिकाची दुसरी जात नको. नर आणि मादी एकाच वेळी फुलोऱ्यात यायला हवेत, नाहीतर हंगाम वाया. बाजरीची ती वांझ मादी अमेरिकेतल्या टिफ्टन गावची, टिफ्ट २३ए. जॉर्जियातलं वाण मराठवाड्याच्या काळ्या रानात नांदायला आलं.

या दाण्याचं पीक जोमदार येतं, पण त्या पिकातलं बी राखून पुन्हा पेरलं तर तो जोम राहत नाही. म्हणजे शेतकऱ्यानं दरवर्षी दुकानात यायचं. बियाण्याच्या धंद्याचा खरा पाया हा आहे, आणि त्यावरचा सगळा वादही इथूनच सुरू होतो. आढ्यावरची कणसं गेली आणि पिशवी आली, याचं श्रेय म्हणा किंवा दोष म्हणा, बारवाल्यांच्या खात्यावर थोडा जमा होतोच. माझं मत विचाराल तर त्या काळात दुसरा मार्ग नव्हता. १९७२च्या दुष्काळात ज्यांनी रोजगार हमीची खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी गिळल्या, त्यांना घरच्या कणसांचं कौतुक ऐकवण्यात अर्थ नव्हता. वसंतराव नाईकांचं सरकार संकरित ज्वारीच्या पाठीशी उभं होतं ते उगाच नाही.

म्हणून हायब्रीडचं सगळं गोड होतं असंही नाही. आमच्याकडच्या शाळूच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीपुढे हायब्रीडची भाकरी कुणाला आवडली नाही, कणसात पाऊस शिरला की दाणा काळा पडायचा, आणि कडब्याला बैल तोंड लावेनात अशी तक्रार. बोलीभाषेनंही सूड घेतला. उंच वाढलेल्या पण अंगात दम नसलेल्या पोराला 'हायब्रीड' म्हणायची रीत तेव्हाची. बाजरीचं तर फारच वाईट झालं. सत्तरीच्या सुरुवातीला गोसावी रोगानं एचबी मालिकेचे वाण झोपवले. एकच मादी देशभर पेरली की रोगालाही एकच कुलूप फोडायचं असतं.

इथे साधा व्यापारी आणि बारवाल्यांसारखा उद्योजक यांतला फरक दिसतो. सरकारी वाण वाढवून विकत बसले असते तरी पेढी चालली असती. पण त्यांनी स्वतःचं संशोधन सुरू केलं. जालना-औरंगाबाद रस्त्यावर दावलवाडीला केंद्र उभं राहिलं. ऐंशीच्या दशकात महिकोची एमबीएच-११० ही स्वतःची संकरित बाजरी रानोमाळ दिसू लागली.

कायदाही त्यांच्या सोयीचा ठरला. १९६६च्या बियाणे कायद्यानं प्रमाणीकरण ऐच्छिक ठेवलं, लेबल सक्तीचं केलं. पैदासकार बियाण्याला पिवळी खूणचिठ्ठी, पायाभूतला पांढरी, प्रमाणितला निळी, आणि कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर विकते त्या सत्यप्रत बियाण्याला हिरवं लेबल. निळ्या चिठ्ठीमागे सरकार असतं, हिरव्यामागे फक्त कंपनीचं नाव. १९७६मध्ये अकोल्यात महाबीज हे सरकारी बियाणे महामंडळ निघालं तेव्हा शेतकऱ्यासमोर दोन्ही रंग आले, तरी हिरव्या लेबलाची खासगी पिशवी बाजारातून उठली नाही. जालन्यात तर तिच्यामागून बियाण्याच्या कंपन्यांची रांगच लागली. शेजारच्या देऊळगाव राजाकडे आज शेडनेटखाली बायका चिमट्यानं फुलातले नर काढतात, दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावतात आणि फुलाला दोरा बांधून खूण करतात. त्यांच्या तोंडी शब्द एकच, 'क्रॉसिंग'. या कामाला बोटं बारीक आणि नजर पक्की लागते. मजुरी मात्र त्या मानानं बारीकच.

१९९८ हे साल घराण्याच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचं. त्या साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. स्वामिनाथन, कुरियन आणि गुरदेव खुश यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते पुढचे भारतीय. २००१मध्ये पद्मभूषण आलं. आणि त्याच १९९८ साली मोन्सॅन्टो या अमेरिकन कंपनीनं महिकोत २६ टक्के भाग घेतला.

बीटी कापसाची, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाची, तयारी त्याआधीच सुरू झाली होती. १९९६मध्ये अमेरिकेतून कोकर-३१२ जातीचं अवघं १०० ग्रॅम बी आलं, त्यातलं जनुक भारतीय वाणांत संकर करत करत उतरवलं गेलं, आणि मार्च २००२मध्ये महिकोच्या तीन संकरांना परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमची पिशवी, किंमत १६०० रुपयांच्या घरात. सोबत १२० ग्रॅमची छोटी पुडी साध्या कापसाची, ती शेताच्या कडेनं लावायची, म्हणजे बोंडअळीला साधं खाद्य मिळून तिची प्रतिकारशक्ती लवकर वाढणार नाही. ती पुडी बहुतेकांनी बांधावर फेकली. कंपन्यांनी समजावून सांगण्यात कसर ठेवली, शेतकऱ्याला कडेची जागा फुकट घालवायची नव्हती, आणि कृषी खातं दोघांकडे बघत राहिलं. किमतीवरून आंध्र सरकार २००६मध्ये थेट मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेलं, तेव्हा पिशवी ७५० रुपयांवर आली.

आयुष्यभर भरवशावर धंदा केलेल्या घराला आता मोर्च्यातल्या फलकांवर आपलं नाव वाचावं लागलं. जालन्यात मात्र त्यांची ओळख वेगळी राहिली. बारवाल्यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं गणपती नेत्रालय मराठवाड्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मोतीबिंदूसाठी ठाऊक आहे. संकरित भाताच्या संशोधनासाठी हैदराबादला त्यांचं फाउंडेशन चालू झालं. कारभार मुलगा राजेंद्र यांच्याकडे गेला, संशोधनाची धुरा डॉ. उषा बारवाले झेर यांच्याकडे.

बद्रीनारायण बारवाले जुलै २०१७मध्ये गेले. त्याच खरिपात गुलाबी बोंडअळीनं विदर्भ-मराठवाड्यातला बीटी कापूस पोखरून काढला. महिकोच्या बीटी वांग्याला तर २०१०मध्येच तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली होती आणि ते इथल्या रानात आलंच नाही. बांगलादेशात मात्र २०१४पासून शेतकरी महिकोच्याच जनुकाची वांगी पिकवत आहेत.