‘कळविण्यात येते की...’

सूचनावही हा शाळा-कॉलेजातला मोठा गमतीचा ग्रंथ आहे. शिपाई ती काखेत मारून वर्गाच्या दारात उभा राहतो. आपण खडू खाली ठेवतो, सही ठोकतो आणि पुन्हा फळ्याकडे वळतो. वाचतात किती जण, ते त्या वहीलाच ठाऊक! ‘सर्व शिक्षकांना कळविण्यात येते की’ ही तिची ठरलेली नांदी. मराठी शिकविण्याचा धंदा असल्यामुळे माझी नजर आधी प्रयोगावर जाते. कळवितो कोण? कर्ताच गायब! वाक्यातूनच हेडमास्तर नाहीसे झाले, की शंका विचारायची कोणाला?

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून उठलेला गदारोळ वाचकांना आठवत असेल. एकवीस, बावीस यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन आले होते. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या, की जुनी नावे काढलेली नाहीत. ‘पंचवीस’ म्हणताना मुलाला पाच आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र दोन आधी लिहावा लागतो. हा घोळ टळावा एवढेच. मुद्दा पटो वा न पटो, समजण्यास कठीण नव्हता.

पण तो वर्गापर्यंत पोचला कसा? इथे पनवेलात माझ्या माहितीच्या एका शाळेत वही फिरली, सह्या झाल्या. फाटकाशी पालकांनी अडविले, तेव्हा शिक्षिका म्हणाल्या, “वरून आले आहे.” पुन्हा तोच हरवलेला कर्ता! दुसऱ्या शाळेतील मुख्याध्यापिकांनी दुसरीच्या शिक्षिकांना मधल्या सुट्टीत जवळ बसविले आणि आधी त्यांची कुरकुर पोटभर ऐकून घेतली. सर्वांत जास्त कुरकुरणाऱ्या बाईंनीच मग तोड काढली: अंक लिहिताना ‘वीस पाच’, पाढे म्हणताना पंचवीस. पालकांनाही त्यांनीच समजावले, कारण आता सांगण्यासारखे काही त्यांच्यापाशी होते.

सगळेच बोलून करावे, असे मात्र नव्हे. परीक्षेचे वेळापत्रक वहीतच शोभते. त्यावर तासभर प्रवचन झोडणारे मुख्याध्यापकही मी सोसले आहेत. पण शिकविण्याची रीत बदलायची, तर सहीने भागत नाही. पनवेलची 2016 साली महापालिका झाली. नव्या वसाहतींतला पालक मराठी शाळेच्या दाराशी आधीच साशंक होऊन येतो. त्याला ‘वरून आले’ हे उत्तर कसे पुरावे?

हल्ली वहीची जागा व्हॉट्सॲपने घेतली आहे. सूचना येते आणि आम्ही एम. ए., बी. एड. झालेली मंडळी खाली निमूटपणे अंगठा उठवतो.