सूर्यप्रकाशाचा जमाखर्च

सूर्यापासून वीज मिळते ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. घरांच्या गच्च्यांवर, शेतातील विहिरींच्या काठी आणि कचेऱ्यांच्या छपरांवर काळसर निळी सौर पॅनेले आपण नित्य पाहतो. परंतु ‘आपल्या घरास किती पॅनेले लागतील?’ असा प्रश्न निघाला, की पुष्कळ जण शेजाऱ्याच्या छपराकडे बोट दाखवितात. त्याने चार बसविली, म्हणून आपणही चार! कोणी दुकानदाराच्या शब्दावर विसंबतो, तर कोणी हाती असलेल्या पैशांवरून आकडा ठरवितो. अशा अंदाजाने उभारलेली यंत्रणा उन्हाळ्यात झकास चालते आणि ऐन पावसाळ्यात घरात अंधार करते. थोड्याच वर्षांत बॅटरी निकामी होते, घातलेला पैसा बुडतो आणि दोष मात्र सूर्याच्या माथी मारला जातो. वस्तुतः चूक सूर्याची नसते, हिशेबाची असते. हा हिशेब शाळेतील गुणाकार-भागाकारांच्या पलीकडचा नाही. तो कसा मांडावयाचा, हे ह्या लेखात आम्ही सांगणार आहोत.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. प्रकाशाच्या योगाने वीज निर्माण होऊ शकते, हे एडमंड बेकरेल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ साली दाखवून दिले. त्या वेळी त्याचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. परंतु उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट तयार होण्यास १९५४ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन ह्या तिघांनी तो घडविला. अंगावर पडणाऱ्या प्रकाशशक्तीपैकी शेकडा सहा भागांचीच तो वीज करी. आजची चांगली पॅनेले शेकडा वीसहून अधिक भागांची वीज करतात. १९५८ साली व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह आकाशात गेला. त्यावरील बॅटरीवर चालणारा प्रेषक काही महिन्यांतच थंडावला. सौरघटांवर चालणारा प्रेषक मात्र १९६४ पर्यंत संदेश पाठवीत राहिला. उपग्रहावर चढून एखादे पॅनेल वाढविणे कोणास शक्य नव्हते. म्हणून तेथे प्रत्येक वॉटचा हिशेब आधीच करणे भाग होते. तीच शिस्त आपल्या घरासही लागू पडते.

हिशेबापूर्वी दोन शब्दांतील भेद मनात पक्का केला पाहिजे. वॉट हे शक्तीचे माप आहे आणि वॉट-तास हे ऊर्जेचे. नळाची धार किती मोठी आहे, हे वॉट सांगतो. त्या धारेने बादलीत एकूण किती पाणी साठले, हे वॉट-तास सांगतो. नऊ वॉटचा दिवा पाच तास जळला, म्हणजे पंचेचाळीस वॉट-तास खर्च झाले. असे एक हजार वॉट-तास भरले, की आपल्या बिलातील एक युनिट होते.

आता उदाहरण घेऊ. बेळगावजवळच्या एका मळ्यात घर आहे आणि तेथे तारांवरची वीज पोहोचलेली नाही, असे समजा. पहिली पायरी गरज मोजण्याची. ९ वॉटचे चार दिवे रोज पाच तास जळतात, त्यांचे १८० वॉट-तास. विजेची बचत करणारे ३० वॉटचे दोन पंखे आठ तास फिरतात, त्यांचे ४८०. ६० वॉटचा दूरदर्शन संच अडीच तास चालतो, त्याचे १५०. मोबाईल भारित करण्यास ४० आणि ५०० वॉटचा मिक्सर सहा मिनिटे फिरला तर ५०. एकूण बेरीज झाली ९०० वॉट-तास. हा आपला रोजचा खर्च.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण म्हणतो. येथे तर अंथरूण शिवण्यापूर्वीच पाय मोजावयाचे आहेत. आणि ते जवळ घेता आले, तर अंथरूणही लहान पुरते. वरील पंख्यांऐवजी जुने ७५ वॉटचे पंखे असते, तर त्यांना रोज १,२०० वॉट-तास लागले असते. म्हणजे केवळ पंखे बदलल्याने रोजचे ७२० वॉट-तास वाचले.

दुसरी पायरी गळतीची. पॅनेलातून निघालेली सारी वीज दिव्यापर्यंत पोहोचत नाही. ऊन लागून पॅनेल तापते, त्यावर धूळ बसते, तारांत थोडी वीज जाते, बॅटरीत भरताना व काढताना थोडी जाते आणि इन्व्हर्टरही आपला वाटा घेतो. बॅटरी असलेल्या यंत्रणेत शंभरांतील साठ भाग कामास येतात, असे धरणे शहाणपणाचे आहे. म्हणून ९०० वॉट-तास हाती पडावयाचे, तर ९०० भागिले ०.६, म्हणजे १,५०० वॉट-तास पॅनेलांनी निर्माण केले पाहिजेत.

तिसरी पायरी उन्हाची, आणि बहुतेकांचा पाय येथेच घसरतो. पॅनेलावर लिहिलेले वॉट हे ठरावीक कसोटीचे असतात. दर चौरस मीटरवर १,००० वॉट इतका प्रखर प्रकाश पडत असता आणि सौरघटाचे तापमान २५ अंश असता ते मोजलेले असतात. सकाळचे कोवळे ऊन, दुपारचे कडक ऊन आणि सायंकाळचे उतरते ऊन एकत्र करून ‘अशा पूर्ण उन्हाचे किती तास भरतात’, हे पाहावे लागते. दिवस बारा तासांचा असला, तरी पूर्ण उन्हाचे तास चार-पाचच भरतात.

बेळगावसाठी वर्षाची सरासरी सुमारे पाच तास धरली, तर १,५०० भागिले ५, म्हणजे ३०० वॉटची पॅनेले पुरतील असे वाटते. पण सरासरी हा फसवा सोबती आहे. एप्रिलमधले जादा ऊन जुलैसाठी डब्यात भरून ठेवता येत नाही. सह्याद्रीलगतच्या ह्या भागात आषाढ-श्रावणात आभाळ दिवसचे दिवस भरलेले असते. त्या दिवसांसाठी साडेतीनच तास धरले, तर १,५०० भागिले ३.५, म्हणजे सुमारे ४३० वॉट लागतात. बाजारात मिळणाऱ्या मापांचा विचार करता ४५० वॉटची पॅनेले घेणे योग्य ठरेल. जेथे बॅटरीवाचून दुसरा आधार नाही, तेथे वर्षातील सर्वांत दुबळ्या महिन्यावरूनच पॅनेलांचे माप ठरवावे, हा ह्या शास्त्रातील मुख्य नियम आहे. जुने पंखे ठेवले असते, तर ह्याच हिशेबाने आणखी ३४० वॉटची पॅनेले विकत घ्यावी लागली असती, हेही येथे ध्यानात घ्यावे.

चौथी पायरी साठवणुकीची. लागोपाठ दोन दिवस सूर्यदर्शन झाले नाही तरी घर चालावे, अशी आपली इच्छा असेल, तर १,८०० वॉट-तास हवेत. इन्व्हर्टरची गळती मिळवून ते २,००० धरू. आता शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण रिकामी करीत गेल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. ती निम्म्याहून खाली उतरू देऊ नये. म्हणून बॅटरीचे माप दुप्पट, म्हणजे ४,००० वॉट-तास पाहिजे. १२ व्होल्ट व २०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, तर २४ गुणिले २००, म्हणजे ४,८०० वॉट-तास होतात, काम भागते. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी शेकडा ऐंशी भागांपर्यंत वापरता येते, म्हणून तिथे २,५०० वॉट-तास पुरतील. बॅटरी आणि पॅनेले ह्यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर नावाचा पहारेकरी बसवावा लागतो. ४५० वॉटला २४ व्होल्टने भागले, की सुमारे १९ अँपिअर येतात. त्यावर चौथा हिस्सा अधिक धरून ३० अँपिअरचा घ्यावा.

पाचवी पायरी इन्व्हर्टरची. येथे मात्र वॉट-तास पाहावयाचे नसून वॉट पाहावयाचे असतात. मिक्सर दिवसाला जेमतेम ५० वॉट-तास घेतो. पण चालू असताना त्याची भूक ५०० वॉटची असते. दिवे, पंखे, संच आणि मिक्सर एकाच वेळी चालले, तर सुमारे ६६० वॉट भरतात. शिवाय मोटार सुरू होताना क्षणभर कितीतरी अधिक वीज ओढते. म्हणून एक हजार व्होल्ट-अँपिअरचा आणि असा क्षणिक झटका सोसणारा इन्व्हर्टर निवडावा.

गाव बदलले, की हिशेबातील आकडेही बदलतात. ग्वाल्हेरचेच पाहा. तेथे मे महिन्यात ऊन भरपूर. पण पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर २५ अंशांहून वरच्या प्रत्येक अंशास शेकडा सुमारे ०.३५ ह्या प्रमाणात शक्ती घटून शंभर वॉटचे सुमारे ८६ वॉट उरतात. उलट जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत पॅनेलाचे व्होल्ट वाढतात. पुष्कळ पॅनेले एका ओळीत जोडली असतील, तर ही वाढ कंट्रोलरच्या सहनशक्तीबाहेर जाऊ शकते. शिवाय धुक्याच्या सकाळी ऊन कमी भरते, ते वेगळेच. बेळगावास जुलै दुबळा, तर ग्वाल्हेरीस धुक्याचा महिनाही तपासून पाहिला पाहिजे.

पॅनेलाचे तोंड दक्षिणेस असावे आणि कल साधारणपणे गावाच्या अक्षांशाइतका असावा. बेळगावास सुमारे १६ अंश, बडोदे व इंदूर येथे २२-२३ अंश, ग्वाल्हेरीस २६ अंश. सावलीचे भय मात्र सर्वत्र सारखेच. पॅनेलातील घट साखळीच्या कड्यांप्रमाणे जोडलेले असतात. नारळाची एक झावळी किंवा पाण्याच्या टाकीची सावली थोड्याच घटांवर पडली, तरी त्या सावलीच्या मानाने कितीतरी अधिक वीज बुडते.

शहरातील बहुतेक घरांत तारांवरची वीज असतेच. तेथे बॅटरीवाचून पॅनेले थेट त्या जाळ्याशी जोडता येतात. दिवसा उरलेली वीज जाळ्यात जाते, रात्री लागेल ती जाळ्यातून येते आणि दोन्हींची नोंद मीटर ठेवतो. अशा ठिकाणी वर्षाचा एकूण हिशेब पुरतो. एक किलोवॉटची पॅनेले वर्षाला सुमारे १,४०० युनिटे देतात असे धरले, तर महिना २०० युनिटे वापरणाऱ्या घरास दोन किलोवॉट पुरे होतात. त्यांस सुमारे वीस चौरस मीटर निर्वेध जागा लागते. केंद्र सरकारने २०२४ साली सुरू केलेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत अशा घरगुती यंत्रणेस पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये साहाय्य ठरविण्यात आले. परंतु एक गोष्ट आधीच ठाऊक असावी. जाळ्यातील वीज गेली, की बॅटरी नसलेली ही यंत्रणाही भर उन्हात आपोआप बंद पडते. तारा दुरुस्त करणाऱ्या कामगाराच्या जिवास अपाय होऊ नये, म्हणून ही योजना मुद्दाम केलेली असते. ज्यांच्याकडे वीज वारंवार जाते, त्यांनी थोडी तरी बॅटरी ठेवण्याचा विचार करावा.

विद्यार्थिमित्रांनी एक काम अवश्य करावे. घरातील प्रत्येक उपकरणावरील वॉटचा आकडा वहीत उतरून घ्यावा, त्यापुढे वापराचे तास लिहावेत आणि बेरीज करावी. मग ती महिन्याच्या बिलातील युनिटांशी ताडून पाहावी. ही दोन पानांची वही घरातील वडीलधाऱ्यांना विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी दाखवावी. जो आपली गरज मोजून बाजारात जातो, त्यास नको ते गळ्यात घालणे कठीण असते, आणि त्याचा दिवा आषाढातल्या रात्रीही अभ्यासाला पुरतो.

सूर्य आपले दान मोजून देत नाही. घेणाऱ्याने मात्र ते मोजून घेतले पाहिजे.