विश्लेषण : पुस्तक चार वेळा वाचले, तरी परीक्षेत का आठवत नाही?

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक स्वरूपाची झाली. आधी प्रामुख्याने चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखायचे होते, आता ते कोऱ्या पानावर स्वतः लिहायचे आहे. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर हे आव्हान पूर्वीपासूनच आहे. पुस्तक वाचताना सगळे येते आणि उत्तरपत्रिका हातात आली की काहीच सुचत नाही, असे का होते आणि त्यावर उपाय काय?

वाचलेले ओळखीचे वाटते, मग अडते कुठे?

एखादे पान दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचताना डोळे सरसर पुढे सरकतात. मजकूर परिचयाचा झालेला असतो आणि हा परिचय म्हणजेच ज्ञान, असा समज होतो. मात्र समोर असलेले ओळखणे आणि समोर नसलेले आठवणे ही वेगवेगळी कामे आहेत. फक्त वाचनाने पहिल्याचा सराव होतो, वर्णनात्मक परीक्षा दुसऱ्याची असते. पिवळ्या हायलायटरने अर्धे पान रंगवल्यानेही फारसा फरक पडत नाही. अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींचा आढावा अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २०१३मध्ये घेतला. त्यात अधोरेखन आणि पुनर्वाचन यांची उपयुक्तता कमी, तर स्वतःची चाचणी घेणे आणि अंतराअंतराने अभ्यास करणे यांची जास्त ठरली.

याला प्रयोगाचा आधार आहे का?

वॉशिंग्टन विद्यापीठातील (सेंट लुइस) हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांचा २००६चा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि नंतरच्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणारा गट पुढे होता (८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के). आठवड्यानंतर चित्र उलटले. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. विशेष म्हणजे आपल्याला नंतरही चांगले आठवेल, असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच अधिक होता. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे वाचन फसवे का वाटते, याचे उत्तर यात आहे.

टिपणे कशी काढावीत?

धडा वाचण्याआधी त्यातील मथळे, नकाशे आणि शेवटचा स्वाध्याय पाहून घ्यावा. कशाची उत्तरे शोधायची आहेत हे आधी कळले, की वाचनाला दिशा मिळते. मग एक उपविषय पूर्ण वाचावा, पुस्तक मिटावे आणि स्वतःच्या शब्दांत टिपण लिहावे. पुस्तक उघडे ठेवून लिहिले, तर टिपणाऐवजी नक्कल तयार होते. लिहून झाल्यावर पुस्तक उघडून चुका दुरुस्त करणे आवश्यक आहे, अन्यथा चुकीचेच पाठ होते.

मांडणीसाठी अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांची पद्धत सोपी आहे. पानाच्या डावीकडे अरुंद रकाना, उजवीकडे रुंद रकाना आणि तळाशी थोडी जागा. उजवीकडे टिपण, डावीकडे त्यावरचा प्रश्न, तळाशी दोन ओळींचा सारांश. उदाहरणार्थ, उजवीकडे लिहिले : ‘नैर्ऋत्य मोसमी वारे बाष्प घेऊन येतात. सह्याद्रीमुळे वर चढतात, थंड होतात, पश्चिम उतारावर पाऊस देतात. पूर्वेकडे उतरताना हवा तापते, पाऊस घटतो.’ डावीकडे प्रश्न : ‘महाबळेश्वरला मुसळधार, मग जवळच्या वाईत पाऊस इतका कमी का?’ पुढच्या वेळी उजवा रकाना हाताने झाकायचा आणि उत्तर मोठ्याने सांगायचे. अशा प्रकारे टिपणवहीचीच प्रश्नपत्रिका होते.

उजळणी केव्हा करावी?

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५मध्ये निष्कर्ष मांडले. विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होते, नंतर त्याचा वेग मंदावतो, असे त्यात दिसले. अर्थपूर्ण मजकूर त्याहून जास्त टिकतो, पण उताराची दिशा तीच असते. म्हणून पहिली उजळणी लवकर आणि पुढच्या उजळण्या वाढत्या अंतराने, हे सूत्र उपयोगी पडते. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने, असा क्रम ठेवता येतो. हे आकडे काटेकोर नाहीत. परीक्षा जितकी लांब, तितके अंतर वाढवता येते.

सगळे प्रश्न सारख्याच वेळा घोळवण्याचीही गरज नाही. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केलेल्या पद्धतीत प्रश्न कार्डांवर लिहून खोक्यांत ठेवतात. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या, उशिरा उघडण्याच्या खोक्यात जाते. चुकले की पहिल्या खोक्यात परत. वहीतही हे जमते. चुकलेल्या प्रश्नापुढे फुली करावी आणि पुढच्या बैठकीची सुरुवात फुल्यांपासून करावी.

यासाठी वेळ कुठून आणायचा?

चारशे पानांचे पुस्तक असे वाचायला पहिल्या वेळी जास्त दिवस लागतात, आणि इथेच अनेक जण पद्धत सोडतात. हा वेळ तिसऱ्या-चौथ्या वाचनातून वळवता येतो. तासाभराच्या बैठकीत चाळीस मिनिटे नवा भाग आणि वीस मिनिटे झाकलेल्या रकान्यांची उत्तरे, अशी विभागणी करता येईल. सुरुवातीला निम्मी उत्तरे चुकतील आणि अभ्यास बिघडल्यासारखे वाटेल. प्रत्यक्षात कोणता भाग कच्चा आहे हे परीक्षेआधी कळलेले असते. मात्र मुळात न समजलेला भाग आठवण्याच्या सरावाने समजत नाही. तिथे शिक्षकांना विचारणे किंवा खालच्या इयत्तेचे पुस्तक उघडणे हाच मार्ग आहे.