पटांगणावरील ग्रहमाला

ग्रहमालेचा धडा शिकविण्यास सोपा व समजण्यास कठीण, असा आमचा आजवरचा अनुभव आहे. शिकविण्यास सोपा अशासाठीं कीं, बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरु, शनि, युरेनस व नेपच्यून हीं आठ नांवें मुलें दोन दिवसांत तोंडपाठ म्हणूं लागतात; भिंतीवर एक रंगीत चित्र टांगलें कीं शिक्षकाचें काम आटोपलें. समजण्यास कठीण किती, हें मात्र इयत्ता सातवीच्या उत्तरपत्रिका तपासतांना ध्यानांत आलें. 'सर्व ग्रह सूर्यासमोर एका रांगेंत जवळजवळ उभे असतात', असें एका विद्यार्थ्यानें लिहिलें होतें. प्रथम आम्हांस हंसूं आलें. पण विचार करतां चूक मुलाची नसून चित्राची, आणि त्या चित्रावर विसंबून राहणाऱ्या शिक्षकाची, असें दिसून आलें. मुलानें जें पाहिलें तेंच लिहिलें.

चित्रकाराचाही यांत फारसा दोष नाहीं. गुरु हा ग्रह कागदावर लिंबाएवढा काढावयाचा म्हटलें, तर त्याच प्रमाणांत सूर्य त्यापासून दोनशें मीटरांहूनही दूर काढावा लागेल. एवढा कागद कोणापाशीं आहे? म्हणून चित्रकार ग्रह मोठे करतो व अंतरें गिळून टाकतो. कागद पुरत नाहीं तर पटांगण आहे, असें मनांत आणून आम्हीं वर्ग बाहेर नेला. ज्या पालकांस हा प्रयोग सुटीच्या दिवशीं मुलांसह करून पाहावयाचा असेल, त्यांच्यासाठीं सर्व मापें पुढें दिलीं आहेत.

प्रमाण असें धरावें: एक मीटर म्हणजे एक कोटि किलोमीटर. या मापानें सूर्याचा व्यास सुमारें १४ सेंटिमीटर होतो. त्यासाठीं एक पपनस पुरे. तें पटांगणाच्या एका टोकास स्टुलावर ठेवावें. तेथून ५.८ मीटरांवर बुध. तो रव्याच्या बारीक कणाएवढा. १०.८ मीटरांवर शुक्र व १५ मीटरांवर आपली पृथ्वी. हीं दोन्ही मोहरीच्या दाण्याएवढीं. २२.८ मीटरांवर मंगळ, त्यास खसखशीचा लहानांत लहान दाणा निवडावा. हे दाणे पुठ्ठ्यावर डिंकानें चिकटवून एकेका मुलाच्या हातीं द्यावे, नाहींतर वाऱ्यानें पृथ्वी उडून जाते. आमची दोनदां गेली.

पृथ्वीचा पुठ्ठा ज्याच्या हातीं होता त्याला चंद्रही दाखवावयास सांगितला. चंद्र म्हणजे वाळूचा एक बारीक कण, मोहरीपासून ३.८ सेंटिमीटरांवर, म्हणजे दोन बोटांच्या अंतरावर. मनुष्य १९६९ सालीं चंद्रावर उतरला. त्याच्या सर्वांत लांबच्या प्रवासाची मजल अजून एवढीच, दोन बोटें. हें ऐकून मुलें मंगळाच्या दाण्याकडे निराळ्याच दृष्टीनें पाहूं लागलीं. आपल्या देशाचें मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजीं निघालें व २४ सप्टेंबर २०१४ रोजीं मंगळाभोंवतीं फिरूं लागलें. मोहरी व खसखस हीं समोरासमोर आलीं असतां मध्यें सरासरीनें आठ मीटर. पण यानास सरळ रेषेंत जातां येत नाहीं, सूर्याभोंवतीं वळसा घेत जावें लागतें, म्हणून दहा महिने लागले.

मंगळापर्यंत मुलें एकमेकांशीं बोलत होतीं. पुढें बोलणें संपलें, कारण पुढचा मुलगा दूर गेला. गुरु ७७.८ मीटरांवर, त्यास १४ मिलिमीटरांची कांचेची गोटी बरोबर येते. शनि १४३ मीटरांवर, म्हणजे आमच्या पटांगणाच्या कुंपणाबाहेर रस्त्यावर. त्यासाठीं एक मोठा काबुली हरभरा घेऊन त्याभोंवतीं पावणेतीन सेंटिमीटर रुंदीचें कागदी कडें बसविलें. युरेनस व नेपच्यून हे मिरीचे दाणे. पहिला २८७ मीटरांवर व दुसरा ४५० मीटरांवर, बाजाराच्या वळणापाशीं. नेपच्यून घेऊन गेलेल्या मुलानें परत आल्यावर सांगितलें, 'गुरुजी, तेथून पपनस दिसलेंच नाहीं.' चित्रानें जें वर्षानुवर्षें लपविलें तें त्याला पायांनीं समजलें.

प्राचीन लोकांस शनीपलीकडचा ग्रह ठाऊक नव्हता. युरेनस १७८१ सालीं इंग्लंडांतील बाथ या गांवीं विल्यम हर्शेल यांनीं आपल्या बागेंतून शोधला. हे गृहस्थ पेशानें संगीतज्ञ असून तेथील प्रार्थनामंदिरांत ऑर्गन वाजवीत; दुर्बिणीचे आरसे घांसणें हा त्यांचा फावल्या वेळचा नाद. नेपच्यूनची जागा फ्रान्समधील ल व्हेर्ये यांनीं आधीं गणितानें काढली आणि १८४६ सालीं बर्लिन येथें गाले यांस तो तेथेंच सांपडला.

'आणि प्लूटो?' हा प्रश्न मुलांपेक्षां पालकच अधिक विचारतात, कारण त्यांनीं शाळेंत नऊ ग्रह पाठ केलेले असतात. प्लूटो १९३० सालीं अमेरिकेंत क्लाइड टॉम्बॉ यांस सांपडला. त्याचें नांव ऑक्सफर्ड येथील व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीनें न्याहारीच्या वेळीं आपल्या आजोबांस सुचविलें व तेंच कायम झालें. २००६ सालीं आंतरराष्ट्रीय खगोल संघानें त्याची गणना खुजा ग्रह या निराळ्या वर्गांत केली. कारण त्याच्या वाटेंत त्याच्यासारखे पुष्कळ लहान गोल आहेत व तो त्या वाटेचा एकटा धनी नाहीं. तेव्हां घरीं वाद झाल्यास दोघेही आपापल्या काळीं बरोबर होते, असें समजावें.

या मापांत प्रकाशाची गति काय होते, हें गणित आम्हीं वर्गास दिलें. प्रकाश सेकंदास तीन लक्ष किलोमीटर धांवतो. पटांगणावर ते तीन सेंटिमीटर होतात. तीन सेंटिमीटर म्हणजे मुंगीची चाल! पपनसापासून निघालेली मुंगी मोहरीपाशीं आठ मिनिटें वीस सेकंदांनीं पोहोंचते. शाळेचा तास सुरू होतांना ती निघाली तर तास संपण्याच्या सुमारास, त्रेचाळीस मिनिटांनीं, गुरुपाशीं येते; नेपच्यूनला सव्वाचार तासांच्या आंतबाहेर. आणि सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा कोठें मांडावा? सुमारें ४,००० किलोमीटरांवर. म्हणजे पपनस मुंबईस ठेवलें तर तो तारा सिंगापुरास ठेवावा लागेल. हें सांगितल्यावर वर्ग कांहीं वेळ अगदीं स्तब्ध होता. विज्ञानाच्या तासास अशी शांतता क्वचितच मिळते.

ग्रह जागीं उभे राहत नाहींत, हें दाखविण्यासाठीं दुसऱ्या दिवशीं पृथ्वी व मंगळ यांचीं वर्तुळें चुन्यानें आंखलीं. पृथ्वी आपली फेरी ३६५ दिवसांत पुरी करते व मंगळ ६८७ दिवसांत. म्हणून पृथ्वी झालेल्या मुलानें भरभर व मंगळ झालेल्यानें सावकाश चालावें. पृथ्वीच्या मुलास सांगितलें कीं, चालतांना मंगळाकडे पाहत राहा व त्याच्या मागें दूरचें कोणतें झाड येतें तें ओरडून सांग. आरंभीं मंगळ वडावरून चिंचेकडे, चिंचेवरून आंब्याकडे असा पुढें सरकत होता. पृथ्वीनें त्याला गांठून मागें टाकतांच तो उलट आंब्यावरून चिंचेकडे येऊं लागला! वास्तविक मंगळ एक पाऊलही मागें आला नव्हता. जलद गाडींतून जातांना शेजारच्या रुळावरील मंद गाडी मागें जात आहे असें वाटतें, तसाच हा प्रकार. पंचांगांत 'मंगळ वक्री' असें लिहितात तें हेंच. हा शब्द घरोघरीं उच्चारला जातो, रागावलेल्या माणसासही लावला जातो. पण तो आपल्याच चालीमुळें उत्पन्न झालेला भास आहे, हें आमच्या वर्गांतील एकाही मुलास आधीं ठाऊक नव्हतें. दर सव्वीस महिन्यांच्या सुमारास मंगळ असा वक्री दिसतो.

वयाचा खेळ मुलांस विशेष आवडला. बुधाचें वर्ष आपल्या ८८ दिवसांचें. म्हणून बारा वर्षांचा मुलगा तेथें पन्नाशीचा गृहस्थ ठरतो. तोच गुरूवर नुकताच एक वर्षाचा होतो, आणि शनीवर त्याला सहा महिनेही पुरे झालेले नसतात.

परंतु पटांगणावर शिकलेलें रात्रीं आकाशांत ताडून पाहिलें नाहीं, तर तोही एक खेळच राहील. शुक्राची चांदणी बहुतेक मुलांस माहीत असते. ती कधीं सायंकाळीं पश्चिमेस तर कधीं पहाटे पूर्वेस कां दिसते, मध्यरात्रीं माथ्यावर कां येत नाहीं, हें पपनस व मोहऱ्या मांडलेल्या असल्या म्हणजे मूल आपण होऊन सांगतें. गुरु दिसत असेल तेव्हां साधी दोन डोळ्यांची दुर्बीण भिंतीवर टेकवून धरावी. गोलाच्या दोन्ही बाजूंस चार बारीक ठिपके एका रेषेंत दिसतात. ते गुरूचे चंद्र. गॅलिलिओ यांनीं १६१० सालच्या जानेवारींत ते पाहिले व रोज रात्रीं त्यांच्या जागा टिपून ठेवल्या. आमच्या मुलांनींही वहींत चार रात्रीं टिपल्या. कोणाच्याही दोन रात्रींचें चित्र सारखें आलें नाहीं. दिवसा मात्र दुर्बीण सूर्याकडे कधींही वळवूं नये. डोळा कायमचा जाईल. पालकांनीं याविषयीं विशेष काळजी घ्यावी.

शनि पाहण्यासाठीं मोठी दुर्बीण मिळविली, त्या रात्रीचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. रांग लागली होती. एका मुलीची पाळी आली तरी ती पुढें येईना. विचारतां हळूच म्हणाली, 'आमच्याकडे वडिलांना साडेसाती आहे. शनीकडे पाहूं नये म्हणतात.' कोणी हंसूं लागलें, त्यास आम्हीं गप्प केलें. मग तेथेंच कंदिलाच्या उजेडांत एक हिशेब मांडला. शनीस सूर्याभोंवतीं एक फेरी करण्यास साडेएकोणतीस वर्षें लागतात. आकाशांतील त्याच्या वाटेचे बारा भाग केले आहेत, त्यांस राशि म्हणतात. तर एका राशींत तो किती राहील? मुलीनें बोटांवर मोजून सांगितलें, 'अडीच वर्षांच्या जवळपास.' आपली रास, तिच्या मागची एक व पुढची एक, अशा तीन राशि ओलांडावयास किती? तिनें उत्तर दिलें नाहीं. पण तिच्या चेहऱ्यावरून तें समजलें. साडेसात हा आंकडा शनीच्या रागांतून आलेला नाहीं, त्याच्या मंद चालीवरून आला आहे. शनैश्चर या नांवाचा अर्थच सावकाश चालणारा. बारा वर्षांनीं नाशिकास सिंहस्थ भरतो, २००३ सालीं भरला, पुन्हां २०१५ सालीं भरला, तोही गुरूच्या सुमारें बारा वर्षांच्या फेरीचाच हिशेब. कोणाच्या श्रद्धेची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. तथापि शनीच्या जागेचा मनुष्याच्या सुखदुःखाशीं संबंध खगोलशास्त्रास कोठेंही आढळलेला नाहीं, हें मुलांस स्पष्ट सांगणें शिक्षकाचें कर्तव्य आहे, व तें आम्हीं सांगितलें.

मुलगी पुढें आली व तिनें दुर्बिणीस डोळा लावला. ती इतका वेळ पाहत राहिली कीं मागचीं मुलें कुरकुर करूं लागलीं. 'हें कडें गळून कसें पडत नाहीं?' असा तिचा पहिला प्रश्न. तें कडें एकसंध नाहीं. बर्फाचे असंख्य तुकडे, कांहीं धुळीएवढे तर कांहीं घराएवढे, प्रत्येक आपापल्या वाटेनें शनीभोंवतीं फिरत असतो. एकसंध असतें तर केव्हांच फुटून गेलें असतें, हें मॅक्सवेल यांनीं १८५९ सालच्या आपल्या निबंधांत गणितानें दाखविलें आहे. तें कडें कधीं कधीं बारीक धारेसारखें होऊन दिसेनासेंही होतें. २०२५ सालीं तसें झालें होतें. हें सारें ऐकून घेतल्यावर ती मुलगी पुन्हां रांगेच्या शेवटीं जाऊन उभी राहिली.