थंडीतली हिरवी कोशिंबीर: शोभेपुरती नको, पोटभर हवी

थंडी पडू लागली की इस्लामपूरच्या बाजारात हिरव्या भाज्यांचे ढीग दिसू लागतात. मेथी, कांद्याची पात, पांढरा मुळा, पालक, चाकवत, कोथिंबीर आणि मग हरभऱ्याची खुडलेली कोवळी भाजी. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधला आपला वाळवा तालुका उसाचा. तरी उसाच्या सरीत किंवा बांधाच्या कडेला मेथी, कोथिंबीर, हरभरा करणारे शेतकरी आजही आहेत. वर्षभरात पालेभाजी सगळ्यात ताजी आणि कोवळी मिळते ती याच तीन महिन्यांत.

आणि आपल्या दस्तरखानावर काय असते? बिर्याणी असो की मटणाचे सालन, हिरव्याच्या नावाने एका ताटलीत कांद्याच्या चकत्या, लिंबाच्या फोडी आणि वर कोथिंबिरीची चार पाने. दावतीत पुरुष आणि पाहुणे आधी जेवतात. शेवटी घरातल्या बायका बसतात तेव्हा त्या ताटलीत पाणी सुटलेला कांदा तेवढा उरलेला असतो.

ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे ५४ टक्के महिलांमध्ये रक्त कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला भाज्या आणि फळे मिळून किमान ४०० ग्रॅम खा असे सांगते. कांद्याच्या चार चकत्यांनी तो हिशोब जुळत नाही.

आपल्या मातीतले सॅलड

सॅलड म्हटले की लेट्यूस, ऑलिव्ह तेल आणि हॉटेलचे बिल डोळ्यांसमोर येते. पण पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातल्या शेतकरी घरांत हिरवे सॅलड पूर्वीपासून आहे. त्याचे नाव घोळाणा. कोवळी मेथी, हरभऱ्याची किंवा करडईची भाजी कच्चीच घ्यायची. त्यात कांदा, शेंगदाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल घालून हाताने घोळायचे. सोबत शाळूची गरम भाकरी. शेतावर जेवायला बसलेल्या माणसाला यापेक्षा सोपे कालवण नाही.

या घोळाण्यात थोडी कडधान्याची भर घातली की ते एका वेळच्या जेवणाला पुरते.

चार माणसांसाठी साहित्य

- कोवळ्या मेथीची पाने, निवडून दोन मोठ्या वाट्या
- कांद्याची पात, एक लहान जुडी
- मुळा एक, त्याचा कोवळा पालाही
- गाजर एक, किसून किंवा बारीक चिरून
- कोथिंबीर अर्धी वाटी
- ओला हरभरा (सोलाणे) किंवा मोड आलेले मूग, एक वाटी
- शेंगदाण्याचे जाडसर कूट, चार चमचे
- शेंगदाण्याचे तेल दोन चमचे, एका लिंबाचा रस
- लाल तिखट अर्धा चमचा, मीठ चवीप्रमाणे

सोलाणे किंवा मूग पाच-सात मिनिटे वाफवून गार करा. भाजी धुऊन, निथळून, स्वच्छ कापडावर पसरून कोरडी करा आणि मगच चिरा. आधी चिरून नंतर धुतली तर तिच्यातले सत्त्व पाण्याबरोबर जाते. सगळे एका मोठ्या परातीत घेऊन आधी तेल घाला आणि हलक्या हाताने घोळा. मग तिखट, कूट आणि वाफवलेले दाणे. लिंबू आणि मीठ अगदी शेवटी, जेवायला बसताना.

हा क्रम महत्त्वाचा आहे. मीठ लागले की पानातले पाणी बाहेर येते, भाजी लोळागोळा होते आणि परातीच्या तळाशी पाणी साचते. तेल आधी लागले तर पानावर थर बसतो आणि ती थोडा जास्त वेळ तजेलदार राहते. मेथी कडू लागत असेल तर गाजर आणि कूट वाढवा. मुले खात नसतील तर मेथी निम्मी करून पालक घाला किंवा डाळिंबाचे दाणे टाका.

मटण आणि हिरवी भाजी एकाच ताटात

बऱ्याच घरांत असे ठरलेले असते की मटण-चिकन आहे त्या दिवशी भाजी नको, भाजी आहे त्या दिवशी मटण नको. रक्ताच्या दृष्टीने हा हिशोब तोट्याचा आहे.

पालेभाजी आणि कडधान्यातले लोह शरीराला पूर्ण घेता येत नाही, त्यातला थोडाच भाग रक्तापर्यंत पोहोचतो. त्याला दोन गोष्टी मदत करतात. एक म्हणजे लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व. दुसरी म्हणजे मांस किंवा मासळी. जेवणात थोडे मटण असले तरी शेजारच्या भाजीतले लोह जास्त प्रमाणात शोषले जाते. म्हणजे दोन कबाब आणि वाटीभर घोळाणा हे ताट नुसत्या कबाबांपेक्षाही चांगले आणि नुसत्या घोळाण्यापेक्षाही. कालचे चिकन उरले असेल तर त्याचे तुकडे करून गरम करा आणि यातच मिसळा.

उलट काम करतो तो चहा. जेवण झाल्या झाल्या घेतलेला कप हे लोह अडवतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. घोळाणा हे औषध नाही. सतत थकवा, धाप लागणे, चक्कर येणे असे होत असेल तर रक्त तपासून घ्या. गरोदर नसलेल्या महिलेचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर महिलेचे ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असे समजतात. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या भाजी खाते म्हणून बंद करू नयेत.

हरभऱ्याची भाजी धुवायची की नाही?

जुनी माणसे सांगतात, हरभऱ्याची भाजी धुऊ नये, तिची आंब जाते. त्यात तथ्य आहे. हरभऱ्याच्या पानांवर आंबट द्रव असतो आणि ती आंबट चव त्यातूनच येते. पूर्वी रात्री पिकावर कापड पसरून दवाबरोबर ही आंब गोळा करत आणि औषधासाठी ठेवत.

पण आता हरभऱ्यावर घाटे अळीसाठी फवारणी होते. बाजारातून आणलेली भाजी कोणत्या रानातली, फवारा कधी मारला, हे आपल्याला कळत नाही. म्हणून कच्ची खायची असेल तर धुवाच. आंबटपणा कमी झाला तर लिंबू आहे. घरच्या, फवारा न मारलेल्या रानातली भाजीसुद्धा एकदा खळबळून घ्यावी, कारण धूळ आणि किडे तिथेही असतात.

धुण्याची रीत अशी: मुळे आणि पिवळी पाने काढा. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन भाजी बुडवा, हलवा आणि हाताने वर उचलून घ्या. पातेले चाळणीत ओतू नका, तळाची माती परत भाजीवर येते. असे तीन वेळा करा आणि शेवटचे पाणी पिण्याचे घ्या. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवल्यास आळ्या-किडे सुटतात, पण त्याने सगळे औषध किंवा सगळे जंतू जातात असे नाही.

गरोदर महिला, लहान मुले, वयस्क आणि आजारी माणसे यांनी कच्च्याऐवजी भाजी दोन-तीन मिनिटे वाफवून खावी आणि मोड आलेले कडधान्य शिजवूनच घ्यावे. रक्त पातळ करण्याची गोळी सुरू असेल किंवा मूतखड्याचा त्रास असेल तर पालेभाजी किती खावी हे डॉक्टरांना विचारा.

जुम्मा आणि रमजान

कच्चा कांदा-लसूण खाऊन त्या वासासह मशिदीत जाऊ नये, ही हदीसमधली ताकीद आपल्याला माहीत आहे. त्यामुळे जुम्म्याच्या दिवशी नमाजआधी जेवण होणार असेल तर कांदा, पात आणि मुळा वगळा. त्याऐवजी काकडी, गाजर, पुदिना आणि सोलाणे वाढवा.

रमजानही आता थंडीत सरकतो आहे. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आणि २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल, चांद दिसण्यावर एखादा दिवस मागेपुढे. म्हणजे इफ्तारला भज्यांच्या शेजारी ताजा हिरवा घोळाणा सहज ठेवता येईल. दुपारी भाजी धुऊन कोरडी करून ठेवावी आणि मगरिबच्या थोडे आधी घोळावी.

एक डबा बाजूला

आता पुन्हा त्या शेवटच्या पंगतीकडे येऊ. तेल, मीठ, लिंबू न लावलेली चिरलेली भाजी झाकणाच्या डब्यात, कोरड्या कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये काही तास चांगली राहते. म्हणून सगळी एकदम कालवू नका. जितकी माणसे शेवटी जेवणार, तितक्यांचा वाटा आधीच डब्यात काढून ठेवा आणि त्या बसतील तेव्हा तो ताजा घोळून द्या.

हे काम अम्मीने किंवा भाभीनेच करावे असेही नाही. भाजी निवडणे, कूट करणे, परातीत घोळणे यात ना चूल लागते ना फार कसब. घरातला दहा-बारा वर्षांचा मुलगाही हे करू शकतो. आज संध्याकाळी बाजारातून मेथीची एक जुडी जास्त आणा आणि त्याला परातीपाशी बसवा.