जोडधंद्यातील उचल, मोबदला आणि प्राप्तिकर



शेतीला जोड म्हणून आज गावोगाव डाळ मिल, कुक्कुटपालन, दुग्धप्रक्रिया, मसाला उद्योग असे धंदे उभे राहिले आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या पीकेव्ही मिनी डाळ मिलसारख्या यंत्रांमुळे तूर विकण्याऐवजी डाळ विकणे शेतकरी कुटुंबाच्या आवाक्यात आले. यंत्र कोणते घ्यावे, कर्ज कोठून मिळेल याची चौकशी सर्वजण करतात. परंतु धंद्यातून स्वतःसाठी पैसे कसे घ्यावेत, याचा विचार क्वचितच होतो. मुलाची फी भरायची असते, खताची गाडी येते, लग्नकार्य निघते आणि गल्ल्यातून रक्कम काढली जाते. मार्च संपल्यावर हिशेब लिहिणारा विचारतो, "ही रक्कम कशात दाखवू?" तोवर वेळ निघून गेलेली असते.

शेती कोठे संपते, धंदा कोठे सुरू होतो?

शेतजमिनीत पिकविलेल्या मालाचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्नही शेतीचेच मानले जाते. मात्र दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन हे कायद्याने धंदे आहेत. इतरांची तूर विकत घेऊन डाळ केली, तर तो नफाही धंद्याचाच. घरची तूर मिलमध्ये वापरली असेल, तर तिची बाजारभावाने होणारी किंमत धंद्याच्या नफ्यातून वजा होते. म्हणून घरच्या मालाचेही वजन आणि त्या दिवसाचा बाजारभाव वहीत लिहून ठेवावा.

एकट्याची मालकी

धंदा एकट्याच्या नावावर असेल, तर मालकाला स्वतःला पगार देता येत नाही. घरी नेलेली रक्कम ही उचल असते, खर्च नव्हे. नफा १० लाख रुपये असेल आणि आपण घरी ३ लाख नेले काय किंवा ८ लाख नेले काय, हिशेब १० लाखांवरच होतो.

आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास जास्तीत जास्त ६०,००० रुपयांची करसवलत आहे. त्यामुळे १० लाखांच्या नफ्यावर सहसा कर लागत नाही. येथे शेतकऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले, तरी धंद्याचे उत्पन्न ४ लाखांच्या मूळ मर्यादेवर गेल्यास कराचा दर ठरविताना ते मोजले जाते. समजा, वरील १० लाखांखेरीज शेतीचे ६ लाख आहेत. मग १६ लाखांवरील कर १,२०,००० रुपये येतो. त्यातून ६ लाख अधिक ४ लाख, म्हणजे १० लाखांवरील कर ४०,००० रुपये वजा करायचा. उरले ८०,०००. सवलत ६०,००० ची. म्हणून २०,००० रुपये व त्यावर ४ टक्के उपकर भरावा लागतो.

भागीदारी : खरा फरक करारपत्रात

दोघे भाऊ मिळून डाळ मिल चालवितात. भागीदारी संस्थेला ३० टक्के सरसकट दराने कर लागतो. करमुक्त मर्यादा नसते. मात्र काम करणाऱ्या भागीदाराला दिलेला मोबदला ठराविक मर्यादेपर्यंत खर्च म्हणून वजा होतो. कर भरल्यानंतर वाटलेला नफा भागीदाराच्या हाती करमुक्त असतो.

नफा १० लाख धरू.

करारपत्रात मोबदल्याचे कलम नसेल, तर संस्थेचा कर ३ लाख व उपकर १२,००० मिळून ३,१२,००० रुपये होतो.

कलम असेल, तर आर्थिक वर्ष २०२४-२५ पासूनच्या मर्यादेनुसार पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के किंवा ३ लाख यांपैकी जास्त रक्कम, म्हणजे ५,४०,००० आणि उरलेल्या ४ लाखांवर ६० टक्के, म्हणजे २,४०,००० असा एकूण ७,८०,००० रुपये मोबदला वजा होतो. संस्थेकडे २,२०,००० उरतात. त्यांवर कर व उपकर मिळून ६८,६४० रुपये. प्रत्येक भावाच्या वाट्याला ३,९०,००० रुपये मोबदला येतो. धंद्याचे दुसरे उत्पन्न नसल्यास तो ४ लाखांच्या आत राहतो व त्यावर कर लागत नाही.

कष्ट तेच, मिल तीच, नफा तोच; एका कलमाने २,४३,३६० रुपये घरात राहतात. तोट्याच्या वर्षीही ३ लाखांपर्यंतचा मोबदला मान्य होतो.

यासाठी पुढील अटी पाळाव्यात :

१. मोबदल्याची रक्कम किंवा ती काढण्याची रीत करारपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. "भागीदार ठरवतील तसे" असे मोघम लिहू नये.

२. करार होण्यापूर्वीच्या काळाचा मोबदला मान्य होत नाही.

३. भांडवलावर व्याज घ्यायचे असल्यास त्याचेही कलम हवे. वर्षाला १२ टक्क्यांपर्यंतचे व्याज वजा होते.

४. १ एप्रिल २०२५ पासून एका भागीदाराला वर्षभरात मोबदला व व्याज मिळून २०,००० रुपयांपेक्षा जास्त दिल्यास संस्थेने १० टक्के टीडीएस कापून भरावयाचा आहे. कर लागत नसल्यास विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो.

५. उलाढालीच्या ठराविक टक्क्याने अंदाजी नफा दाखविण्याची पद्धत स्वीकारल्यास मोबदला वेगळा वजा मिळत नाही.

तथापि केवळ कर वाचविण्यासाठी नावापुरता भागीदार घेऊ नये. वर पाहिल्याप्रमाणे लहान धंद्यात एकट्याची मालकीच स्वस्त पडू शकते. भागीदारीत तर संस्थेच्या कर्जाची जबाबदारीही प्रत्येकावर येते.

कंपनी असल्यास

संचालकाचा वाजवी पगार कंपनीचा खर्च असतो आणि नव्या करप्रणालीत संचालकाला पगारातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. लाभांश मात्र कंपनीने कर भरून उरलेल्या नफ्यातून दिला जातो आणि १ एप्रिल २०२० पासून त्यावर भागधारकालाही कर द्यावा लागतो. "कंपनीकडून उसने घेतले" ही पळवाटही चालत नाही. खासगी कंपनीत १० टक्के किंवा अधिक मताधिकार असणाऱ्याने घेतलेले कर्ज लाभांश मानले जाऊ शकते.

पत्नीच्या नावे पगार

पतीचा धंद्यात मोठा हिस्सा असेल, तर तेथून पत्नीला दिलेला पगार पतीच्याच उत्पन्नात मिळविला जातो. पत्नीकडे तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता असून पगार त्याच कामाबद्दल असेल, तरच तो तिचा स्वतंत्र धरतात. तेव्हा घरच्या लक्ष्मीला पगार जरूर द्यावा, पण तो तिच्या खऱ्या कामाचा असावा व तिच्या बँक खात्यात जमा व्हावा.

आता काय करावे?

कपाटातील करारपत्र आजच काढून वाचा. मोबदल्याचे कलम नसल्यास करसल्लागाराकडून पुरवणी करार करून घ्या. धंद्याचे व घरचे बँक खाते वेगळे ठेवा. घरासाठी दरमहा ठरलेली रक्कमच, ठरलेल्या तारखेला, बँकेतून घ्या आणि त्याच दिवशी रोजकीर्दीत लिहा. पेरणीचे नियोजन आपण पाऊस पडण्यापूर्वी करतो. स्वतःच्या मोबदल्याचे नियोजनही एप्रिल उजाडण्यापूर्वी करावे.