ग्रामीण रुग्णालयाच्या गुणवत्तेची पारख

तालुक्याच्या किंवा मोठ्या बाजारपेठेच्या गावी ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय असते. साधारणपणे १ लाख २० हजार, आणि आदिवासी व डोंगराळ भागात ८० हजार लोकसंख्येमागे असे एक रुग्णालय, ही त्यामागील योजना आहे. सर्पदंश झालेला शेतमजूर, अडलेली बाळंतीण, अपघातातील जखमी यांना प्रथम येथेच आणले जाते. शहरातील रुग्णाप्रमाणे चार रुग्णालयांतून एकाची निवड करण्याची सोय त्यांना नसते. त्यामुळे या रुग्णालयात मिळणारा उपचार सुरक्षित आहे किंवा नाही, हा प्रश्न ग्रामीण जनतेच्या दृष्टीने अधिकच जिव्हाळ्याचा ठरतो.

दीर्घकाळ रुग्णालयाचे मोजमाप इमारत, खाटा आणि मंजूर पदे यांवरून होत आले. ते आवश्यक असले तरी अपुरे होते. चकचकीत इमारतीतही अस्वच्छ हाताने सुई टोचली जाऊ शकते. ही उणीव लक्षात घेऊन केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१३ साली सार्वजनिक रुग्णालयांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके लागू केली. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात ती ‘एनक्वास’ या नावाने रुळली आहेत. २०१५ मध्ये स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ आणि डिसेंबर २०१७ मध्ये प्रसूती कक्षासाठी ‘लक्ष्य’ हे उपक्रम त्यांच्या जोडीला आले. खाजगी रुग्णालयांसाठी ‘एनएबीएच’ या मंडळाचे मानांकन असून ५० खाटांपर्यंतच्या लहान रुग्णालयांकरिता त्याची वेगळी मानके आहेत.

पारख कशी होते?

मूल्यांकन करणारे अधिकारी हाती तपासणीसूची घेऊन प्रत्येक विभागात फिरतात. सूचीतील प्रत्येक मुद्द्यास पूर्ण पालन असल्यास २, अंशतः असल्यास १ आणि मुळीच नसल्यास शून्य गुण मिळतात. ही परीक्षा केवळ कागद पाहून होत नाही. प्रत्यक्ष पाहणी, नोंदींची तपासणी, कर्मचाऱ्यांशी संवाद आणि रुग्णाशी संवाद, अशा चार मार्गांनी खातरजमा करण्यात येते. हात धुण्याची पद्धत भिंतीवरील तक्त्यात असून भागत नाही. कक्षसेवकालाही ती करून दाखवावी लागते. खाटेवरील बाईला, ‘औषध बाहेरून आणावे लागले काय?’ असे विचारले जाते आणि तिच्या उत्तरालाही गुण असतात. प्रथम रुग्णालयाने स्वतः, मग राज्याच्या पथकाने आणि शेवटी राष्ट्रीय मूल्यांकनकर्त्यांनी, अशी ही तपासणी होते. प्रमाणपत्रासाठी किमान ७० टक्के गुण आवश्यक असतात.

शीतकपाटातील इंजेक्शन

एवढ्या नोंदी कशासाठी, असा त्रागा परिचारिकांकडून अनेकदा ऐकू येतो. रुग्णांची गर्दी आणि अपुरे मनुष्यबळ पाहता तो समजण्यासारखा आहे. परंतु प्रसूती कक्षातील एक उदाहरण पुरेसे बोलके आहे.

बाळाचा जन्म झाल्यावर एका मिनिटाच्या आत मातेला ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन स्नायूत दिले जाते. त्यामुळे गर्भाशय आकुंचन पावते आणि अतिरक्तस्राव टळण्यास मोठी मदत होते. आपल्या देशात मातामृत्यूच्या प्रमुख कारणांत प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या लहानशा कुपीचे मोल कळते. मात्र हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. उन्हाळ्याच्या दिवसांत खोलीतील कपाटात राहिलेल्या कुपीची शक्ती हळूहळू घटते. ती दिसावयास पूर्वीसारखीच स्वच्छ असते. इंजेक्शन वेळेवर दिले जाते, केसपेपरवर तशी नोंदही होते, आणि तरीही रक्तस्राव थांबत नाही!

म्हणून शीतकपाटाला तापमापक असावा, त्याच्या तापमानाची नोंद दररोज ठरल्या वेळी व्हावी, वीज गेल्यास काय करावयाचे हे ठरलेले असावे, अशी अपेक्षा केली जाते. महिनाभराची ‘४ अंश’ ही नोंद एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेली असेल, तर अनुभवी मूल्यांकनकर्त्याच्या नजरेतून ते सहसा सुटत नाही. अशी वही नसलेलीच बरी. ती रुग्णालयाचीच फसवणूक करते.

‘लक्ष्य’ उपक्रमात प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या प्रतिष्ठेलाही स्थान आहे. पडदे असणे, सोबतीला आई किंवा नात्यातील स्त्री राहू देणे, तिच्याशी अपशब्दाने न बोलणे या गोष्टी आता केवळ सौजन्याच्या राहिलेल्या नाहीत. त्यांनाही गुण आहेत.

आग आणि कचरा

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात लागलेल्या आगीत १० अर्भकांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेनंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश देण्यात आले. मानकांत या विषयाचे अनेक मुद्दे आहेत. विजेच्या जोडण्यांवर भार किती आहे, अग्निशामक नळकांड्याची मुदत संपली आहे काय, बाहेर पडण्याच्या वाटेवर मोडक्या खाटा रचल्या आहेत काय, आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला ते नळकांडे वापरता येते काय, हे पाहिले जाते. यातील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा म्हटला पाहिजे.

जैववैद्यकीय कचऱ्याबाबत २०१६ चे नियम आहेत. रक्ताने माखलेली पट्टी पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या नळ्या व हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या अभेद्य डब्यात आणि काच निळ्या खोक्यात टाकावयाची असते. उपचार न केलेला असा कचरा ४८ तासांहून अधिक काळ साठवून ठेवता येत नाही. येथे चूक झाल्यास तिची शिक्षा बहुधा सफाई कामगाराच्या बोटाला होते.

प्रमाणपत्राच्या मर्यादा

प्रमाणपत्राने रिक्त पदे भरत नाहीत. भूलतज्ज्ञ नसलेल्या रुग्णालयात सिझेरियन शस्त्रक्रिया मानकांच्या बळावर होऊ शकत नाही. अशा वेळी रुग्णाला पुढे कोठे पाठवावयाचे, वाहन कोणते, सोबत कोणती चिठ्ठी द्यावयाची आणि तेथील डॉक्टरांना आधी कळविले काय, एवढे मात्र पाहता येते व ते पाहिलेही जाते. तसेच ७० टक्के गुण म्हणजे ३० टक्के उणिवा शिल्लक, हेही विसरून चालणार नाही. या उणिवा लेखी स्वरूपात रुग्णालयाच्या हाती येतात. रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांनी ती यादी मागून घेऊन वाचली, तर पंख्याऐवजी तापमापकावर पैसे खर्च करण्याचा निर्णयही कधी तरी होईल.

प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षांची असून मधल्या वर्षांत राज्याकडून फेरतपासणी होते. बदलून गेलेल्या परिचारिकेच्या जागी आलेल्या नव्या परिचारिकेला शीतकपाटाची वही कोठे असते हे ठाऊक आहे काय, ते त्या वेळी तिलाच विचारले जाते.